चालू सर्व्हरवर परफॉर्मन्स तपासायच्या कमांड चालवताना काय काय जपता?

कृष्णाकाठ (सांगली) – धागाकर्ता

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो. गेल्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती सविस्तर लिहितोय, कारण तसंच काम करणारे इथे बरेच जण आहेत आणि दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये. कमांडची नावं देवनागरीतच लिहिली आहेत, टाइप करताना नेहमीच्या अक्षरांत करालच.

आमच्याकडे गळीत हंगामात चार वजनकाटे रात्रंदिवस चालू असतात. गाडी आली की आधी भरगाडीचा काटा होतो. ऊस उतरवला की रिकाम्या गाडीचा काटा. दोन्ही वजनं, गाडीचा नंबर, शेतकऱ्याचा कोड आणि काट्यावरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो हे सगळं एकाच लिनक्स सर्व्हरवर जातं आणि मग पावती छापली जाते. पंधरा दिवसांपासून काट्यावरच्या मुलांची तक्रार होती की पावती मध्येच अडकते. कधी लगेच येते, कधी वीस-पंचवीस सेकंद येत नाही.

त्या रात्री सव्वादहाला फोन आला. घरून लॉगिन केलं, रूट (सर्वाधिकारी युजर) झालो आणि चालू प्रोग्रामांची, म्हणजे प्रोसेसची, यादी दाखवणारा टॉप लावला. सीपीयू निवांत होता, लोड ॲव्हरेज (चालू आणि खोळंबलेल्या कामांची सरासरी) मात्र १४ दाखवत होतं. डेटाबेस नेमका कशात अडकलाय ते बघावं म्हणून त्याच्या प्रोसेसला, ती सिस्टमकडे काय काय मागते ते दाखवणारा एसट्रेस सरळ जोडला, सगळ्या थ्रेडसकट. स्क्रीनवर ओळींचा लोंढा आला. वाचता येईना, म्हणून कंट्रोल एस दाबून स्क्रीन थांबवली आणि एकेक ओळ बघत बसलो.

चार-पाच मिनिटांनी परत फोन आला. चारही काटे बंद. मला वाटलं मूळचंच दुखणं वाढलं, म्हणून मी आणखी बारकाईने वाचायला लागलो. जवळजवळ अर्धा तास असाच गेला. शेवटी दुसरं काही बघायचं म्हणून कंट्रोल सी दाबून एसट्रेस बंद केला, आणि फोनवर असलेला ऑपरेटर म्हणाला, "साहेब, आल्या बघा पावत्या."

म्हणजे काटे मीच बंद पाडले होते. बाहेर गाड्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. ट्रॅक्टर थांबले तर डिझेल बंद करून थांबतात. बैलगाड्यांचं तसं नसतं. दीड-दोन टन ऊस ओढून आणलेले बैल मानेवर जू घेऊन थंडीत तसेच उभे होते, आणि पहाटे परत तोडीला जायचं असलेल्या बायका गाडीखाली लेकरं घेऊन बसल्या होत्या. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून मनातून जात नाही.

माझे प्रश्न दोन. चालू सर्व्हरवर कुठल्या कमांड बिनधास्त चालवाव्यात आणि कुठल्या नाहीत? आणि पावती अडकण्याचं मूळ कारण अजून सापडलेलं नाही, ते कसं शोधू?

यवतेश्वर (सातारा)

कृष्णाकाठ, हे मोकळेपणाने लिहिलंत याबद्दल आभार. एसट्रेस चालू सर्व्हरवर लावून बसलेले मी बरेच पाहिलेत, पण काय झालं ते सांगणारे फार थोडे.

तुमच्याच काट्याचं उदाहरण घेऊ. एसट्रेस हा कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, पीट्रेस या सोयीवर चालतो. प्रोसेसने कर्नलकडे एक काम मागितलं (याला सिस्टम कॉल म्हणतात), म्हणजे फाइल वाच, सॉकेटवर लिही असं काहीही, की कर्नल तिला थांबवतो, एसट्रेसला उठवतो, तो नोंद करतो, मग प्रोसेस पुढे जाते. काम संपून परत येताना पुन्हा थांबवतो. भरगाडीचा एक काटा, रिकाम्या गाडीचा एक, तसंच. डेटाबेस सेकंदाला हजारो सिस्टम कॉल करत असेल तर त्या प्रत्येकाचे दोन थांबे झाले. सिस्टम कॉलचा मारा असलेली प्रोसेस यात शंभरपट हळू झालेलीही दिसते.

त्यात तुम्ही कंट्रोल एस दाबलंत. टर्मिनलने आउटपुट घेणं थांबवलं, बफर भरला, एसट्रेस लिहिता लिहिता अडकला. आणि तो अडकला म्हणजे त्याने धरलेली प्रोसेसही थांब्यावरच अडकली. डेटाबेस हळू नव्हता झाला, पूर्ण गोठला होता. स्क्रीनवर आउटपुट घेतलं की हा धोका नेहमीच असतो. घरचं इंटरनेट संथ असलं तरी थोड्या प्रमाणात हेच होतं. म्हणून मायनस ओ हा पर्याय देऊन फाइलमध्येच घ्यायचं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "मी मायनस सी देतो, फक्त बेरीज येते, त्याला भार नसतो" असं पुष्कळ जण म्हणतात. थांबे तेवढेच होतात, फक्त छपाई वाचते. मायनस ई देऊन एकच सिस्टम कॉल मागितला तरी तेच. एसट्रेसच्या आवृत्ती ५.३ पासून सेककॉम्प-बीपीएफचा पर्याय आला आहे, त्यात नको असलेले थांबे टळतात. पण तो एसट्रेसनेच सुरू केलेल्या प्रोसेसला लागू होतो. तुम्ही केलंत तसं मायनस पी देऊन चालू प्रोसेसला जोडलं तर तो उपयोगी नाही.

लावायचाच असेल तर पुढे टाइमआउट ५ लावा, पाच सेकंदांत आपोआप सुटेल. त्याच्या आधी पर्फ ट्रेस करून बघा. ते प्रोसेसला थांबवत नाही, नोंदी बफरमध्ये टाकत जातं, त्यामुळे भार खूपच कमी.

आता दुसरा प्रश्न. सीपीयू निवांत आणि लोड १४, यातच निम्मं उत्तर होतं. लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्ये फक्त सीपीयूची वाट बघणाऱ्या प्रोसेस नसतात. डी अवस्थेतल्या, म्हणजे बहुतेक वेळा डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलेल्या प्रोसेसही त्यात धरतात. तेव्हा पुन्हा अडकेल तेव्हा एसट्रेस नको. साधा पीएस, म्हणजे प्रोसेसची यादी, अवस्थेच्या रकान्यासकट. डी दिसणाऱ्या ओळी कुणाच्या आहेत एवढंच बघा. आणि मशीनच्या आकड्यांचा मागचा इतिहास दाखवणारी सार कमांड आहे का तुमच्याकडे?

माहुली (सातारा)

मी आता निवृत्त आहे, पण सर्व्हरसमोर तीस वर्षं काढली. नवीन मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगत आलोय, ती टॉपबद्दल.

टॉप निरुपद्रवी आहे असं सगळे समजतात. व्हीआय एडिटरची सवय असलेला माणूस यादीत वर जायला के दाबतो. टॉपमध्ये के म्हणजे किल. तो विचारतो कुठली प्रोसेस, आणि काहीच न लिहिता एंटर दाबलं तर स्क्रीनवरची पहिली प्रोसेस धरतो. मग सिग्नल विचारतो, तिथेही नुसतं एंटर म्हणजे १५, टर्म. पहिली प्रोसेस कोण असते? सगळ्यात जास्त सीपीयू खाणारी. म्हणजे बहुधा तुमचा डेटाबेस किंवा ॲप्लिकेशन. के, एंटर, एंटर. रूट असाल तर संपलं. माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलाच्या हातून हे झालेलं मी बघितलंय, मार्चअखेरीला, संध्याकाळी सहा वाजता. त्याचा पडलेला चेहरा आजही आठवतो.

म्हणून टॉप साध्या युजरने लावावा. रूटनेच लावायचा तर मायनस एस देऊन. त्या सुरक्षित मोडमध्ये किल आणि रीनाइस (अग्रक्रम बदलणं) दोन्ही बंद राहतात, रूटलासुद्धा. नुसती एक झलक हवी असेल तर बॅच मोड, मायनस बी मायनस एन १, आउटपुट फाइलमध्ये, आणि वाचा सावकाश.

दुसरं. एका मशीनवरची सवय दुसऱ्यावर नेताना मॅन पेज (कमांडची माहिती) उघडा. लिनक्सवर किलऑल नावाने प्रोसेस शोधून मारतो. जुन्या सोलारिस सिस्टमवर त्याच नावाची कमांड सगळ्याच चालू प्रोसेस मारते, शटडाउनसाठी ठेवलेली. नाव एक, काम भलतंच.

विश्रामबाग (सांगली)

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. व्हीएमस्टॅट (मेमरी-सीपीयूचे आकडे देणारी कमांड) चालवलं की पहिल्या ओळीत वेगळेच आकडे दिसतात आणि पुढच्या ओळींत वेगळे. आमच्या प्रोजेक्टच्या अहवालात मी पहिली ओळच घेतली होती. चुकलं का?

यवतेश्वर (सातारा)

चुकलं. पहिली ओळ मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. आत्ता काय चाललंय ते दुसऱ्या ओळीपासून. डिस्कच्या आयओस्टॅटचंही तसंच, तिथे मायनस वाय दिलं की पहिला अहवाल गाळतो. म्हणून नुसतं व्हीएमस्टॅट कधी चालवायचं नाही. व्हीएमस्टॅट १ ५ असं चालवा, दर सेकंदाला एक, पाच ओळी, मग आपोआप थांबतं. किती वेळा हे सांगायची सवय आत्ताच लावून घ्या. नुसते सेकंद दिले आणि ते न सांगितलं तर कंट्रोल सी दाबेपर्यंत चालतं, आणि विसरलेल्या टर्मिनलमध्ये आठवडाभर चालू राहिलेली मी पाहिली आहेत.

तंतुवाद्य (मिरज)

मी मिरजेत एका रुग्णालयाच्या आयटी विभागात आहे. माझा अनुभव टीसीपीडम्पचा, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट पकडणाऱ्या कमांडचा.

लॅबचे रिपोर्ट वॉर्डात पोचायला वेळ लागत होता. नेटवर्कचा संशय होता, म्हणून सर्व्हरवर टीसीपीडम्प लावला, मायनस डब्ल्यू देऊन फाइलमध्ये, मर्यादा काहीच नाही, आणि दुसऱ्या कामात गुंतले. फाइल रूट पार्टिशनवर होती. दोन तासांत ते भरलं. मग लॉगिन होईना, ॲप्लिकेशनला लॉग लिहिता येईना. घाईने फाइल डिलीट केली, तरी डीएफमध्ये (डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी कमांड) जागा सुटलेली दिसेना. कारण टीसीपीडम्प अजून चालूच होता आणि फाइल त्याने उघडी धरली होती. नाव गेलं, जागा गेली नाही. प्रोसेस थांबवल्यावरच जागा मोकळी झाली. अशा डिलीट केलेल्या पण उघड्या फाइली एलएसओएफला प्लस एल १ दिलं की दिसतात, हे मला त्या दिवशी शिकायला मिळालं.

आता आम्ही टीसीपीडम्पला मोठा (कॅपिटल) सी १०० आणि मोठा डब्ल्यू १० दिल्याशिवाय लावतच नाही. साधारण शंभर एमबीच्या दहा फाइली होतात, अकराव्या वेळी पहिलीवर लिहितो. मायनस एन पण द्यायचं, नाहीतर प्रत्येक पत्त्याचं नाव डीएनएसला विचारत बसतो आणि आपणच नेटवर्कवर गर्दी वाढवतो. एलएसओएफलाही तेच, मायनस एन आणि मोठा पी.

पण मला जास्त टोचलं ते वेगळंच. त्या फाइलमध्ये रुग्णांची नावं होती, रिपोर्ट होते. पॅकेट पकडलं म्हणजे आतला मजकूरही पकडला. ती फाइल मी मदतीसाठी बाहेरच्या माणसाला मेल करणार होते, अगदी बोट सेंडवर होतं. आपल्या घरच्या माणसाचा रिपोर्ट असा कुणाच्या मेलमध्ये फिरला तर कसं वाटेल? आता मायनस एस ९६ देऊन साधारण हेडरपुरतंच घेतो, फाइल बाहेर जात नाही, आणि काम झालं की त्याच दिवशी पुसतो. नोंदवहीत कुणी, कधी, का लावलं ते लिहितो.

कुपवाड_शिफ्ट२ (सांगली)

सगळ्यांचं वाचलं. थोडा वेगळा मुद्दा मांडतो. आमची फाउंड्री आहे. तिथे सॉफ्टवेअर अडकलं तर भट्टीतलं वितळलेलं लोखंड थांबत नाही. "हे चालवू नका, ते चालवू नका" असं म्हणत बसलो तर कारण सापडणार कसं? मी एसट्रेस लावतो, जीडीबी डीबगरही लावतो. घाबरून काहीच न बघता सर्व्हर रीस्टार्ट करणारे लोक मला जास्त धोक्याचे वाटतात. रीस्टार्ट केलं की पुरावाच गेला, आणि आठ दिवसांनी तेच दुखणं परत.

यवतेश्वर (सातारा)

कुपवाड, तुमचं बरोबर आहे. सर्व्हिस आधीच पूर्ण थांबली असेल तर एसट्रेसने ती आणखी काय थांबणार? तिथे जरूर लावा. प्रश्न येतो तो अर्धवट चालणाऱ्या सर्व्हिसचा. कृष्णाकाठांच्या पावत्या उशिरा येत होत्या, पण येत होत्या. तिथे आपण लावलेल्या कमांडने उरलेलं कामही थांबू शकतं, आणि ज्याची गाडी काट्यावर आहे त्याला आपण विचारलेलं नसतं. मी आधी त्या विभागाला फोन करतो, "पुढची दहा सेकंद अडकेल, चालेल का?" बहुतेक वेळा हो म्हणतात. नाही म्हणाले तर कारण असतं.

जावावाल्यांसाठी त्यातच भर घालतो. जेमॅपला (जावाची मेमरी तपासणारी कमांड) हिस्टो लाइव्ह दिलं की ते फक्त मोजणी करत नाही, आधी पूर्ण गार्बेज कलेक्शन (न लागणारी मेमरी मोकळी करणं) करायला लावतं. हीप डंप, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीची फाइल, घेताना सगळे थ्रेड थांबतात, आणि फाइल हीपएवढी मोठी होऊ शकते. सोळा जीबीचा हीप आणि डिस्कवर दहा जीबी जागा, हा प्रकार रात्री दोन वाजता करू नका. आधी डीएफ.

सीपीयू कशात जातो त्याचे नमुने घेणाऱ्या पर्फ रेकॉर्डचंही सांगतो. फ्रिक्वेन्सी न सांगता लावला तर सेकंदाला ४००० नमुने घ्यायचा प्रयत्न करतो. मोठा एफ ९९ द्या, पुढे स्लीप ३० द्या, तीस सेकंदांत बंद होतो. ९९ अशासाठी की १०० दिलं तर शंभराच्या तालावर चालणाऱ्या दुसऱ्या कामाशी गाठ पडून चित्र चुकीचं दिसू शकतं. आणि त्याची फाइल आपण ज्या फोल्डरमध्ये उभे आहोत तिथेच पडते, तेव्हा आधी जागा असलेल्या फोल्डरमध्ये जा.

सगळ्यात गंभीर गोष्ट शेवटी आठवली. "डिस्कचा वेग मोजतो" म्हणून कुणी फायो किंवा डीडी चालवणार असेल तर लिहायचं ठिकाण तीनदा वाचा. फाइलऐवजी आख्ख्या डिस्कचं नाव दिलंत आणि लिहिण्याची चाचणी लावलीत तर डेटा गेला. तो परत येत नाही. फायोला रीडओन्ली हा पर्याय आहे, चालू मशीनवर त्याशिवाय हात लावू नये.

हळदबाजार (सांगली)

आमच्या अडत दुकानाचा आणि अजून काही पेढ्यांचा हिशेब विंडोज सर्व्हरवर आहे, म्हणून विंडोजचं लिहितो. सौद्याच्या दिवशी सकाळपासून सगळ्या पेढ्यांचे काटे आणि बिलं एकदम चालू होतात.

टाइपपर्फ हे कमांडवरून काउंटर, म्हणजे परफॉर्मन्सचे आकडे, दाखवतं. काहीच न सांगितलं तर दर सेकंदाला एक नमुना घेत राहतं, आपण थांबवेपर्यंत. मायनस एससी देऊन किती नमुने ते सांगायचं, मायनस एसआय देऊन किती सेकंदांनी. दिवसभर नोंद हवी असेल तर लॉगमॅन बरं. त्यात फाइलचा प्रकार बिनसर्क ठेवून मॅक्स लावला की ठरलेल्या आकाराच्या वर जात नाही, जुनं पुसून नवं लिहितं.

कृष्णाकाठ यांच्या कंट्रोल एसवरून आठवलं. विंडोजच्या काळ्या खिडकीत क्विक एडिट चालू असेल आणि चुकून माऊसची क्लिक झाली तर खिडकी निवड मोडमध्ये जाते. आत चालणारा प्रोग्राम पुढचं लिहायला गेला की थांबतो, एंटर किंवा एस्केप दाबेपर्यंत. आमच्याकडे बॅकअपची बॅच फाइल अशी रात्रभर थांबलेली होती. सकाळी कुणीतरी एंटर दाबलं आणि ती पुढे निघाली, भर सौद्याच्या वेळी. आता आम्ही अशी कामं टास्क शेड्यूलरमधूनच लावतो, उघड्या खिडकीत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. माहुलीकाका, के दाबायची सवय मलाही आहे. आजच टॉपचा मायनस एसवाला एलियस करून टाकला.

यवतेश्वरदादा, सार टाइप केलं तर आजचा डेटा नाही असं सांगतंय. सारचं सिसस्टॅट पॅकेज आहे, मशीन उबुंटूचं आहे.

यवतेश्वर (सातारा)

उबुंटू आणि डेबियनवर पॅकेज टाकलं तरी नोंद घेणं बंद ठेवलेलं असतं. ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये सिसस्टॅट नावाची फाइल आहे, तिथे एनेबल्ड पुढचं फॉल्स बदलून ट्रू करा आणि सर्व्हिस चालू करा. मग दर १० मिनिटांनी सीपीयू, डिस्क, नेटवर्क, लोड सगळ्याची एक नोंद पडत जाते. रेड हॅट घराण्यात २८ दिवसांचा इतिहास राहतो, डेबियनवर ७ दिवसांचा. हंगामापुरता तरी तुम्ही तो वाढवा. याचा भार नगण्य आहे.

यामुळे रात्री सव्वादहाला फोन आला तर मशीनला हातही न लावता काल, परवा, तेरवा सव्वादहाला काय होतं ते बघता येतं. घाईत चालवलेल्या दहा कमांडपेक्षा ही दोन ओळींची तयारी मोठी आहे. खरं सांगायचं तर नवीन सर्व्हर हातात आला की मी पासवर्ड बदलल्यावर दुसरं काम हेच करतो.

सारचे आकडे स्क्रिप्टने काढणार असाल तर पुढे एलसी ऑल बरोबर सी लावा. काही लोकॅलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) वेळ बारा तासांची येते, एएम-पीएमचा एक जास्त रकाना पडतो आणि तुमची ऑक कमांड भलत्याच रकान्याची बेरीज करते. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालवलं तर) वेगळं, हाताने वेगळं, असे आकडे आले तर आधी हे तपासा.

आणि तुमच्या सर्व्हरवर मॉनिटरिंगचा एजंट आहे का? असेल तर त्याच्या स्क्रिप्ट हाताने तपासताना रूटने चालवू नका. स्क्रिप्ट टेम्प फोल्डरमध्ये मागच्या वेळचा आकडा ठेवत असेल तर ती फाइल रूटच्या मालकीची होते. मग एजंटला तिच्यात लिहिता येत नाही, आणि काही स्क्रिप्ट अशा वेळी गप्प बसून जुनाच आकडा देत राहतात. आलेख सरळ रेषेत दिसतो आणि आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय. एजंटच्याच युजरने, सुडो मायनस यू देऊन चालवा.

विश्रामबाग (सांगली)

यवतेश्वर सर, मग अलार्म किती आकड्याला लावायचा? आमच्या सरांनी ८० टक्के सांगितलंय.

यवतेश्वर (सातारा)

तुम्ही सांगलीचे आहात, आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाणीपातळीची पट्टी रोज ऐकता. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ते आकडे गावाकडे बघून ठरलेत, कुठे पाणी शिरतं त्यावरून. तसंच करा. तुमच्या मशीनवर कितीला लोक खोळंबायला लागतात ते आठ दिवसांच्या नोंदीत बघा आणि दोन पायऱ्या ठेवा, आवराआवर करायला वेळ मिळेल अशी पहिली.

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, कारण सापडलं. पाच दिवस लागले, पण सापडलं.

सार चालू केल्यावर दुसऱ्याच दिवसापासून दिसायला लागलं की रोज रात्री दहा ते पावणेअकरा डिस्कची वाट बघण्याचा वेळ एकदम चढतो. दिवसातही दोन-तीनदा थोडा चढतो. मग परवा रात्री दहा वाजता लॉगिन करून बसलो, रूटने नाही, साध्या युजरने, आणि फक्त पीएस. दहा वाजून बारा मिनिटांनी डी अवस्थेत अकरा प्रोसेस होत्या. दोन डेटाबेसच्या. बाकीच्या नऊ डीयूच्या, म्हणजे फोल्डर किती जागा खातो ते मोजणाऱ्या कमांडच्या, सगळ्या आमच्याच मॉनिटरिंग एजंटच्या युजरखाली.

उलगडा असा. काट्यावरचे फोटो किती जागा खातात हे आलेखात दिसावं म्हणून हंगामाच्या सुरुवातीला आम्ही एक चेक लावला होता. एजंट एक स्क्रिप्ट सुरू करतो, ती मागे डीयू सोडून देते आणि शेवटचा आकडा परत देते. दर मिनिटाला. पहिल्या आठवड्यात फोटो थोडे होते, डीयू सेकंदात संपायचा. आता त्या एकाच फोल्डरमध्ये लाखांवर फोटो आहेत. एरवी फाइलींची माहिती मेमरीच्या कॅशमध्ये असते म्हणून तरी निभावतं. दहा वाजता बॅकअप सुरू झाला की तो सगळी डिस्क वाचत जातो, कॅशमधली जुनी माहिती बाहेर पडते, आणि डीयूला प्रत्येक फोटोसाठी डिस्कवर जावं लागतं. एका मिनिटात संपत नाही, तोवर दुसरा सुरू, मग तिसरा. नऊ डीयू, एक बॅकअप आणि एक डेटाबेस, सगळे एकाच डिस्कच्या दारात.

म्हणजे पंधरा दिवस पावत्या अडकत होत्या त्याही आमच्या मोजणीमुळेच, आणि त्या रात्री काटे बंद पडले तेही मोजणीमुळेच.

चेक लगेच बंद केला. नवीन फोटो तारखेच्या फोल्डरमध्ये जातील असं आजपासून करून घेतलं. हंगाम संपल्यावर फोटोंना वेगळं पार्टिशन देणार आहे, मग नुसत्या डीएफने आकडा मिळेल. तो फाइलसिस्टमचा तयार हिशेब वाचतो, फोटो मोजत बसत नाही.

तंतुवाद्य (मिरज)

खूप बरं वाटलं वाचून. आमच्याकडेही स्कॅनच्या फोल्डरवर अगदी असाच डीयू आहे, आत्ता बघितलं. तो पूर्ण बंद करता येणार नाही, वरिष्ठांना रोजचा आकडा लागतो. काय करू?

यवतेश्वर (सातारा)

ताई, दिवसातून एकदा, पहाटे चारला, क्रॉनमधून. पुढे फ्लॉक मायनस एन लावा, म्हणजे आधीचा चालू असेल तर नवा सुरूच होणार नाही. त्याच्या आत टाइमआउट मायनस के देऊन वीस मिनिटांची मर्यादा घाला. आकडा एका फाइलमध्ये लिहायचा, एजंटने फक्त ती फाइल वाचायची. डिस्कवरचा अग्रक्रम कमी करणारा आयओनाइसही लावा, पण त्याच्यावर विसंबू नका, डिस्कचा शेड्यूलर कुठला आहे त्यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो. नेटवर्कवरून जोडलेलं स्टोरेज असेल तर डीएफलाही मायनस एल द्या. पलीकडचा सर्व्हर बंद पडला तर डीएफसुद्धा उत्तराची वाट बघत अडकतो आणि त्याचीही अशीच रांग लागते.

तंतुवाद्य (मिरज)

आज रात्रीच करते. कृष्णाकाठ, काटे आता कसे आहेत?

कृष्णाकाठ (सांगली)

काल रात्री दहा ते बारा मी स्वतः दोन नंबरच्या काट्यावर उभा होतो, बॅकअप चालू असताना. गाडी काट्यावरून उतरायच्या आत पावती गाडीवानाच्या हातात पडत होती. त्या रात्री रांगेत असलेला एक टोळीचा मुकादम भेटला. त्याला सांगितलं की तेव्हा काटा माझ्यामुळे बंद पडला होता. तो म्हणाला, बैलांना पाणी पाजायचं राहिलं होतं, तेवढं एक बघा. काट्याच्या रांगेजवळ पाण्याचा हौद नाही. उद्या केन यार्डच्या (ऊसगाड्यांच्या तळाच्या) साहेबांकडे तेवढ्यासाठी जातोय.